रक्ताचे ऋण

वारसा हा शब्द कानी पडला की आम्हां वकिलांच्या डोळ्यांपुढे घर, शेत, दागिने आणि त्यांवरून माजलेली भाऊबंदकी उभी राहते. परंतु बापाच्या घराबरोबर बापाचे कर्जही मुलाकडे येत असे. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य होय, असे जुने धर्मशास्त्र सांगे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जापुरते हे बंधन काढून टाकले. तथापि ज्यास कोणतेही न्यायालय माफी देऊ शकत नाही असे एक ऋण उरतेच, ते रक्ताचे. त्याची एक कथा आम्हांस स्वित्झर्लंडमधील कुत्र्यांच्या इतिहासात आढळली, ती वाचकांपुढे ठेवतो.

बर्नच्या आसपासच्या डोंगराळ मुलुखात शेतकऱ्यांपाशी काळ्या रंगाची, पांढऱ्या छातीची, तांबूस ठिपक्यांची मोठी कुत्री असत. ती गुरे हाकीत, अंगण राखीत आणि दुधाच्या किटल्यांची गाडी ओढीत. ड्यूरबाख या ठिकाणावरून त्यांस ‘ड्यूरबेखलर’ म्हणत. पुढे परदेशी कुत्र्यांचा शौक वाढला आणि ही गावठी जात मागे पडली. तेव्हा बुर्गडॉर्फचे खानावळवाले फ्रान्झ शेर्टेनलाइब यांनी इ.स. १८९२ पासून खेडोपाडी हिंडून चांगली जनावरे मिळविली. झुरिकचे भूगर्भशास्त्रज्ञ प्रा. आल्बर्ट हाइम यांनी त्यांची बाजू उचलून धरली. इ.स. १९०७ मध्ये बुर्गडॉर्फ येथे मंडळ स्थापन झाले. हीच जात आज ‘बर्नीज माउंटन डॉग’ या नावाने जगभर ओळखली जाते.

जात वाचली, हे खरे. पण वंशावळीची वही उघडली म्हणजे बाहेरच्या रक्ताचे दार मिटते. इ.स. १९४८ मध्ये न्यूफाऊंडलँड जातीचे रक्त एकदा या वंशात आले. एरवी मोजक्या पूर्वजांचेच रक्त पुन्हा पुन्हा एकत्र येत राहिले. आमच्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड नाते बापाकडून पाच व आईकडून तीन पिढ्यांपर्यंत धरले आहे. कुत्र्याच्या वहीत असली मर्यादा फारशी कोणी पाळली नाही. सुंदर जनावराची संतती वाढवावी, हाच न्याय चालला.

त्याचा परिणाम पुढे दिसला. शरीराच्या रक्षक पेशींचा एक घातक कर्करोग, ‘हिस्टिओसायटिक सार्कोमा’, अन्य बहुतेक जातींत क्वचित आढळतो. या जातीत तो सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांस होतो. त्यांचे सरासरी आयुष्य सात-आठ वर्षांचे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या वंशावळींच्या अभ्यासाने हा रोग कुळात उतरतो, पण एकट्या जनुकाने नव्हे, असे दाखविले. २००५ साली एका बॉक्सर मादीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि शोधास वाट सापडली. २०१२ मध्ये पेशींच्या वाढीस लगाम घालणाऱ्या ‘सीडीकेएन२ए’ या जनुकाच्या परिसरात धोक्याची खूण आढळली. हेच जनुक बिघडल्यास माणसासही कर्करोग जडतो.

मग ही खूण बाळगणारी कुत्री वंशातून काढून टाकावीत काय? तसे करता येत नाही, कारण ती खूण जातीत सर्वत्र पसरलेली आहे. काढीत गेल्यास उरलेले रक्त अधिकच आटेल व दुसरा एखादा रोग वर येईल. म्हणून जाणते पाळणारे आता आजा-आजी किती वर्षे जगली हे पाहतात, फ्रान्समध्ये निघालेल्या जनुकीय चाचणीचा आधार घेतात आणि एकाच नामांकित नराची संतती बेसुमार वाढू देत नाहीत.

शेर्टेनलाइब वा हाइम यांस आम्ही दोषी धरीत नाही. त्यांनी मरणारी जात जगविली. पण सहेतुक अपराध नसला तरी नुकसान होतेच, हे कायदा फार पूर्वीपासून जाणतो. येथे कर्ज काढले माणसाच्या आवडीने, आणि फेडले त्या मुक्या प्राण्याने आपल्या आयुष्याची वर्षे देऊन. ज्यास वहीत सही करता येत नाही, त्याच्या नावावर ऋण चढविताना माणसाने दहादा विचार करावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.