पेंचाक इकडचं, सिलात तिकडचं

‘पेंचाक सिलात’ हे नाव ऐकताना एकच वाटतं, पण ते दोन वेगळ्या भागांतल्या शब्दांचं आहे. जावा, मदुरा, बाली या बेटांवर पेंचाक म्हणत. सुमात्रा आणि मलय द्वीपकल्पात सिलात. हे शब्द एकमेकांना चिकटले ते राजकारणामुळे. १८ मे १९४८ रोजी सुराकार्ता शहरात या कलेची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा डचांशी संघर्ष अजून चालूच होता. कुठल्याच बेटाला परकं वाटणार नाही असं नाव नव्या देशाला हवं होतं. संघटनेच्या कामातून पुढे हे जोडनाव रुळलं.

आतले शब्द आणखी जुने. सिलातच्या शाळेला ‘पर्गुरुआन’ म्हणतात: मागेपुढे इंडोनेशियन प्रत्यय आणि मधोमध आपला गुरू. (गंमत म्हणजे आपल्या तालमीत मात्र फारसीतून आलेला वस्ताद असतो.) १९०३ साली सुरू झालेल्या परंपरेचं नाव ‘सेतिया हाती’. सेतिया म्हणजे संस्कृतातलं सत्य, पण तिथे त्याचा अर्थ झाला निष्ठा. हाती म्हणजे यकृत, आणि मनही. आपण काळजाला हात घालतो तसंच. शब्द संस्कृत दिसला म्हणून कला भारतातून गेली, असा निष्कर्ष काढणारे व्हिडिओ खूप आहेत. मला ते पटत नाही. शब्द उसना घेतला म्हणून डावही उसना ठरत नाही.

तिथल्या मातीतला शब्द हवा असेल तर ‘कम्बांगान’ घ्या. कम्बांग म्हणजे फूल. नाचासारख्या या हालचालींना नवखा माणूस सजावट समजतो. पण हात फिरताना अंतर जोखलं जातं, समोरच्याला हुलकावणी दिली जाते. मलय सिलातमध्ये अशा हालचालींना ‘बुंगा’ म्हणजे फूल, आणि प्रत्यक्ष डावाला ‘बुआह’ म्हणजे फळ म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर डच-इंडोनेशियन कुटुंबं नेदरलँड्सला आणि तिथून काही अमेरिकेला गेली. जाताना त्यांनी शब्द जुन्या डच वळणाच्या स्पेलिंगमध्ये नेले, ‘च’साठी ‘टी-जे’. इंडोनेशियानं १९७२ मध्ये स्पेलिंग बदललं, ‘च’साठी फक्त ‘सी’ आला. अमेरिकेतल्या काही शाळांच्या पाट्यांवर मात्र अजून ‘टी-जे’ दिसतं. त्या पाट्यांवरून घर कधी सुटलं याचा अंदाज येतो.

१९४८ ची सांधणी देशाच्या सीमेपर्यंतच टिकली. २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत एकाच वर्षी दोन नोंदी झाल्या: इंडोनेशियाची ‘पेंचाक सिलात’ आणि मलेशियाची नुसती ‘सिलात’.