नगरसभेचें कामकाज आणि नभोवाणीचा खर्च

आळंदीहून पुण्यास येणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या वाटेवर विश्रांतवाडी लागते. तेथील रहिवाशास महानगरपालिकेच्या सभेंतील वादविवाद स्वतः ऐकावयाचा असल्यास शिवाजीनगरचें सभागृह गाठावें लागतें. १९४९ च्या अधिनियमानें ही सभा सामान्यतः लोकांस खुली ठेविली आहे. परंतु ती घरबसल्या ऐकूं यावी, तर ध्वनिक्षेपणाचा खर्च कोणीं सोसावा?

मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं नभोवाणीचें केंद्र उघडणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी मुख्यतः श्रोत्यांच्याच पैशावर उभी होती. दहा रुपयांच्या परवान्यांतील आठ रुपये तिला मिळत. परवाने थोडे निघाले, खर्च मात्र आटपेना. १९३० सालीं कंपनी बुडाली व सरकारनें केंद्रें आपल्या हातीं घेतलीं. पुढें पुण्यांत १५ फेब्रुवारी १९५० रोजीं महानगरपालिका झाली आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजीं नभोवाणी-केंद्र. म्हणजे सभा पुणेंकरांची, परंतु ध्वनिक्षेपक आणि अंदाजपत्रक दोन्ही दिल्लीच्या स्वाधीन.

२००६ च्या धोरणानें सामुदायिक नभोवाणी स्थानिक संस्थांस खुली झाली. उत्पन्नासाठीं तासाला पांच मिनिटें जाहिरातींची मुभा मिळाली. पण बातम्या व राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम वर्ज्य ठरले. नगरसभेंतील वाद राजकीय नव्हेत असें कोण म्हणेल? आमच्या मतें पैशाच्या अडचणीहून हेंच बंधन अधिक जाचक होतें. खर्चाची तोंडमिळवणी एखाद्या अनुदानानें करतां आली असती. जें बोलण्यासच मनाई, त्यास अनुदान देऊन काय उपयोग?