चौकटीतून प्रकाशाकडे : नलिनी मलानी यांचा कलाप्रवास

चित्र म्हणजे चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेली वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. देवादिकांच्या तसबिरी आणि पणजोबांचे पिवळे पडलेले छायाचित्र ज्या घरात शेजारी शेजारी लावलेले असते, त्या घरात वाढलेल्या माणसास ही समजूत स्वाभाविकच वाटते. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील अनेक चित्रकारांना ही चौकट अपुरी वाटू लागली. अमेरिकेतील डॅन फ्लेव्हिन हा आधी चित्रकारच होता. १९६३ साली त्याने बाजारात मिळणारी साधी प्रकाशनळी भिंतीवर तिरपी बसविली आणि तीच आपली कलाकृती म्हणून पुढे ठेवली. ह्याच काळात मुंबईत चित्रकलेचे शिक्षण घेत असलेली एक विद्यार्थिनी पुढे अगदी निराळ्या वाटेने प्रकाशाकडे वळली. तिच्या प्रवासाचा इतिहास आपणांस विशेष जवळचा वाटावा असा आहे.

नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली आणि त्यांच्या कुटुंबाची जन्मभूमी सीमेच्या पलीकडे राहिली. कुटुंब प्रथम कलकत्त्यास व पुढे मुंबईस स्थायिक झाले. फाळणी पाहिल्याची आठवण एवढ्या लहान मुलीस असणे शक्य नव्हते. परंतु जे घर आपण पाहिले नाही त्याविषयी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच ती मोठी झाली. गिरमिटियांच्या वंशजांना ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून त्यांनी १९६९ साली पदविका मिळविली. त्याआधीच, १९६४ पासून, भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांना चित्रशाळेसाठी जागा मिळाली होती. त्या वास्तूत चित्रकार, नर्तक, वादक आणि नट एकाच छपराखाली काम करीत. भिन्न कलांचे हे शेजार त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले असावे. १९६९ सालीच चित्रकार अकबर पदमसी यांनी चित्रकार व छायाचित्रकारांना चलच्चित्राचे प्रयोग करता यावेत म्हणून एक कार्यशाळा सुरू केली. तेथे नलिनीबाईंनी लघुपट केले आणि कॅमेऱ्यावाचून, केवळ प्रकाशसंवेदी कागदावर वस्तू ठेवून, छायाचित्रे तयार केली. प्रकाशाशी त्यांची पहिली ओळख झाली ती येथे. मात्र त्या काळच्या मुंबईत अशा प्रयोगांना प्रेक्षक जवळजवळ नव्हता. फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९७० ते १९७२ पॅरिसला राहून त्या परतल्या, आणि पुढची वीस वर्षे प्रामुख्याने चित्रकार म्हणूनच ओळखल्या गेल्या. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ ह्या गाजलेल्या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम्, जोगेन चौधरी आणि आपले सुधीर पटवर्धन यांच्यासमवेत त्यांचीही चित्रे होती. सामान्य माणूस आणि त्याचे कौटुंबिक जीवन हा त्या चित्रांचा विषय होता.

मग हा पालट घडला तरी कसा? त्याचा धागा एका जुन्या लोककलेत सापडतो. खख्खर यांच्याकडून नलिनीबाई काचेच्या मागील बाजूने चित्र रंगविण्याची रीत शिकल्या. ही रीत अठराव्या शतकात चीनच्या व्यापारातून भारतात आली. तिच्यात सारे उलटे करावे लागते. डोळ्यांतील बुबुळ, दागिने, ओठांची रेषा हे सामान्यतः शेवटी करावयाचे काम येथे सर्वांत आधी; आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. एकदा चुकलेली रेषा वरून रंग देऊन झाकता येत नाही. काचेच्या जागी त्यांनी मायलार नावाची पारदर्शक प्लास्टिकची पत्री घेतली. ती हलकी, न फुटणारी आणि वाकविता येणारी. आणि मुख्य म्हणजे तिच्यातून प्रकाश आरपार जातो.

त्यांची चित्रशाळा होती लोहार चाळीत. विजेचे दिवे, तारा आणि बटणे यांच्या घाऊक व्यापाराचा हा मुंबईतील गजबजलेला भाग. १९९१ साली त्यांनी ह्याच गल्लीचे नाव देऊन एक रचना केली. रंगविलेल्या पारदर्शक पत्र्या छतापासून टांगल्या आणि प्रेक्षकास त्यांच्यामधून चालावयास लावले. चित्रासमोर उभा राहणारा माणूस प्रथमच चित्राच्या आत आला. पुढच्या वर्षी मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांनी थेट भिंतींवरच चित्रे काढली आणि प्रदर्शनाअखेर ती पुसून टाकली. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रे दुर्लक्षाने नष्ट होत होती, त्याचा हा निषेध होता. विकत घेता येणार नाही, घरी नेता येणार नाही असे हे चित्र!

१९९२ च्या डिसेंबरात आणि त्यापाठोपाठच्या जानेवारीत मुंबई दंगलींनी होरपळली. १९९३ साली नलिनीबाईंनी अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्यासह ‘मीडिया’ ह्या ग्रीक कथेवर आधारलेल्या नाट्यप्रयोगासाठी काम केले. पुढे १९९८ साली त्यांचा पहिला मोठा छायाखेळ सिद्ध झाला. त्याची योजना वरकरणी सोपी आहे. आतून रंगविलेली चार पारदर्शक नळकांडी छतापासून टांगावयाची, लहान विद्युत्-यंत्रांनी ती संथपणे फिरवावयाची आणि त्यांच्यावर प्रकाशाचा झोत सोडावयाचा. रंगीत आकृती भिंतीवर उमटतात, मोठ्या होतात, एकमेकींवरून सरकतात आणि नाहीशा होऊन पुन्हा येतात. प्रेक्षक झोताच्या आड आला की त्याचीही सावली त्या मिरवणुकीत सामील होते. घडलेल्या गोष्टीचा आपण केवळ साक्षीदार आहोत, असे म्हणून त्याला दूर राहता येत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात भारताने व नंतर पाकिस्तानाने अणुस्फोट केले. त्याला उत्तर म्हणून त्यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेकसिंग’ ही चलच्चित्रांची रचना केली. सआदत हसन मंटो यांच्या कथेतील वेडा मनुष्य दोन देशांमधील बेवारशी पट्टीवर प्राण सोडतो. त्या कथेचे हे स्मरण. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकच साडी घडी करू पाहतात, आणि मध्ये पत्र्याच्या ट्रंकांत ठेवलेल्या पडद्यांवर विस्थापितांची दृश्ये चालू राहतात. पत्र्याची ट्रंक! घर सोडणाऱ्याचे सारे घर तिच्यात मावते. मुंबई बंदरातून गलबतावर चढलेल्या आपल्या पूर्वजांच्या हाती तेवढीही नसेल, गाठोडेच असेल; परंतु त्यातले ओझे तेच होते.

कित्येकांचा आक्षेप असतो की, चित्रकाराने कुंचला टाकून दिवे व यंत्रे हाती घ्यावी हा कलेचा ऱ्हासच होय. ह्या उदाहरणापुरता तरी तो टिकत नाही. नलिनीबाईंनी चित्रकला टाकलीच नाही. नळकांड्यावरील प्रत्येक रेषा हातानेच काढलेली असते. बदलले ते एवढेच की रंग जागच्या जागी राहिला नाही. आणि ही गोष्ट मराठी मनास परकीही नाही. १८९२ साली कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर पाडून ‘शांबरिक खरोलिका’ दाखविली होती. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या पांढऱ्या पडद्यामागे धरून रामायण सांगत आली आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. नलिनीबाईंनी ही कला ह्यांच्यापासून घेतली असे म्हणता येणार नाही. पण दिवा, पडदा आणि सावली यांनी कथा सांगण्याची परंपरा आपल्या पूर्वजांच्या मुलखात नांदत होती, एवढे निश्चित.

२०१२ साली जर्मनीतील कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ ह्या महाप्रदर्शनात त्यांचा पाच नळकांड्यांचा छायाखेळ झाला. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने २०१७ साली त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरविले. २०१९ मध्ये होआन मिरो पुरस्कार आणि २०२३ मध्ये जपानचा क्योटो पुरस्कार त्यांना लाभला.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांची नोंदणीच्या वेळी काढलेली छायाचित्रे जतन केलेली आहेत. एका क्षणी एका चेहऱ्यावर पडलेला प्रकाश कागदावर थांबला, एवढीच त्यांची कथा. नलिनीबाईंनी थांबलेल्या चित्रास प्रकाशाने पुन्हा चालते केले. आपल्या मुलानातवंडांपैकी कोणी त्या जुन्या चेहऱ्यांसाठी असाच एखादा दिवा लावील, तर ह्या बेटाचा इतिहास केवळ दप्तरांत राहणार नाही.