तळ ओसाड नव्हता

समुद्राचा तळ ओसाड आहे, असं एके काळी विद्वानच सांगत. साडेपाचशे मीटरखाली जीव नसावा, हे एडवर्ड फोर्ब्स यांचं 1843 मधलं अनुमान.

1869 मध्ये 'पॉर्क्युपाइन', म्हणजे 'साळिंदर' नावाचं ब्रिटिश जहाज निघालं. वायव्हिल थॉमसन यांनी बिस्केच्या उपसागरात सुमारे 4,450 मीटरवरून जिवंत प्राणी वर काढले. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या उत्तरेला एक लाल सी-अर्चिन, समुद्रातलं साळिंदरच, हाती आलं. त्याचं कवच कातड्यासारखं लवत होतं. डेकवर ते धापा टाकल्यासारखं हलू लागलं. इंग्लंडच्या खडूच्या खडकातल्या, 1863 मध्ये वर्णन झालेल्या जीवाश्माचा हा जिवंत सोयरा! थॉमसननी त्याच्या नावात कप्तान कॅल्व्हर आणि जहाज, दोघांनाही गुंफलं.

आज समुद्राखालच्या दऱ्यांत कॅमेरे उतरतात. कडा, गाळ, वरून घरंगळत येणारं शेवाळ. जागा बदलली की साळिंदरही बदलतं. कुणी खडकाला धरून, कुणी गाळात पुरलेलं. पण ट्रॉलरची जाळीही तिथवर पोचली आहेत. स्पेनजवळच्या पालामोस दरीचे उतार त्यांनी नांगरून सपाट केले.

न पाहिलेल्या जागेला ओसाड म्हणणं सोपं असतं. एकदा तसं म्हटलं, की ती खरवडताना हात कचरत नाही.