काळा प्लग आणि निळं रॉकेल

ऐंशीच्या दशकात चेतक, राजदूत किंवा येझदी चालवलेल्या माणसाला प्लगचं कौतुक सांगायची गरज नाही. गाडी बंद पडली की पान्याने प्लग खोलायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि परत किक. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, म्हणून प्लगवर कार्बन धरायचा आणि तो शॉर्ट व्हायचा.

पण दोष प्रत्येक वेळी ऑइलचाच नसायचा. रेशनचं रॉकेल सरकार अनुदानातून स्वस्त देत होतं आणि पेट्रोल महाग होतं. मधल्या फरकावर भेसळीचा धंदा उभा राहिला. रॉकेल ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग घालत, तरी ते टाकीत पोचायचंच. रॉकेल पेट्रोलसारखं स्वच्छ जळत नाही. त्याची काजळी प्लगवर बसायची, उरलेली धुरातून आपल्या छातीत जायची. गरिबाच्या स्टोव्हचं इंधन चोरीला जायचं ते वेगळंच.

हा धंदा किती माजला होता ते २५ जानेवारी २०११ ला कळलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ भेसळ रोखायला गेल्यावर जिवंत जाळलं. प्रजासत्ताक दिनाची आदली दुपार होती. राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध केला.

पुढे रॉकेलवरचं अनुदान कमी होत गेलं, गॅस घरोघर गेला. टू-स्ट्रोक गाड्या मागे पडल्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन. प्लग साफ राहू लागला, तशी तो बघायची सवयही गेली.

ती सवय सोडू नका. इंजिन थंड असताना, आजूबाजूची माती पुसून प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा इंधनात गडबड आहे. तेलकट काळं असेल तर इंजिन ऑइल आत येतंय. पांढरं म्हणजे इंजिन जास्त तापतंय. टोक झिजलं असेल तर घासत बसू नका, कंपनीने सांगितलेल्या नंबरचाच नवा प्लग घ्या. तो आधी हाताने फिरवून बसवा, मगच पाना लावा. आटे गेले तर खर्च हेडचा येतो.

नुसत्या काळ्या प्लगवरून पंपवाल्याला चोर म्हणता येत नाही. पण पंपावर फिल्टर पेपर मागता येतो, तो आपला हक्क आहे. स्वच्छ नोझलमधून एक थेंब टाका. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग राहत नाही. फिकट गुलाबी छटा राहिली तर तो पेट्रोलचाच रंग.

एका अधिकाऱ्याने ज्यासाठी जीव दिला, त्यासाठी आपण दोन मिनिटं थांबू शकतो. लाजू नका, कागद मागा.