मनोबलाची पंगत

आशा, कुतूहल, चिकाटी यांचा विद्यार्थ्याच्या यशाशी संबंध असतो, हे आता मानसशास्त्रही मांडते. १९९८ साली मार्टिन सेलिग्मन यांनी सकारात्मक मानसशास्त्राचा पुरस्कार केला. त्याच वर्षी बार्बरा फ्रेडरिकसन यांनी आनंदासारख्या भावना विचारांची कक्षा रुंदावतात, असे प्रतिपादन केले. परंतु हे मनोबल येते कोठून? या प्रश्नाचे एक उत्तर साताऱ्याच्या इतिहासात सापडते.

१९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुले एका पंगतीत जेवत, श्रम करीत आणि शिकत. वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयातही ‘कमवा आणि शिका’ हेच सूत्र राहिले.

येथे आत्मविश्वास हा उपदेशाचा विषय नव्हता, तो रोजच्या व्यवहारातून घडत होता. गावात ज्याला पंगतीबाहेर ठेवले जाई, तो इथे सर्वांच्या शेजारी बसला. स्वतःच्या घामावर शिकणाऱ्याच्या मनावर उपकाराचे ओझे राहत नाही.

नापास झालेल्या मुलाला ‘सकारात्मक राहा’ असे आपण प्राध्यापक मंडळी सहज सांगतो. त्याने सकाळी काही खाल्ले आहे का, हे मात्र क्वचितच विचारतो. भाऊरावांनी विद्यार्थ्याचे मन घडवले, पण सुरुवात ताटापासून केली.