उंची जागेची की रस्त्याची?

सुरतेहून मुंबईकडे निघालेल्या लोहमार्गाला तापीच्या खोऱ्यातून आलेला जळगावचा मार्ग जेथे मिळतो, ते ठिकाण उधना. तापीकाठचा हा मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमळनेरपर्यंत पोहोचला आणि खानदेशातील शेतकरी कुटुंबांना सुरतेची वाट सोपी झाली. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा ह्या वस्त्यांत आज मराठी आणि अहिराणी कानी पडते, ती त्या रुळांच्या पुण्याईने आणि यंत्रमागांच्या ओढीने. पहिली पिढी भाड्याच्या खोलीत राहिली. दुसरीला स्वतःची जागा हवीशी झाली. जागा घेताना हा मनुष्य दोनच गोष्टी विचारतो: वार किती आणि वाराचा भाव काय. तीवर किती उंच बांधता येईल, हा प्रश्न तो गवंड्यासाठी राखून ठेवतो. वास्तविक त्याचे उत्तर खरेदीपूर्वीच ठरलेले असते, आणि ते बव्हंशी समोरच्या रस्त्यावरून ठरते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी मुंबईकडे वळले पाहिजे. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हे गृहस्थ मूळचे बार्देशातील हडफड्याचे. ह्या साथीने अंधाऱ्या, कोंदट चाळींकडे सरकारचे लक्ष वेधले आणि 1898 च्या कायद्याने मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 च्या सुमारास घरातील उजेड आणि हवा ह्या विषयाचा हिरिरीने पुरस्कार केला. साडेत्रेसष्ट अंशांचा जो नियम मुंबईच्या बांधकामांत रूढ झाला, तो ह्याच चळवळीचे फळ. तळमजल्याच्या भिंतीच्या पायथ्यापासून तेवढ्या कोनात एक रेषा वर न्यावी. समोरच्या इमारतीने ती छेदता कामा नये. भूमितीच्या हिशेबाने ह्याचा अर्थ इतकाच, की उंचीच्या निम्मी जागा मोकळी हवी. चाळीस फूट उंच जावयाचे तर वीस फूट आकाश सोडा. पंचेचाळीस अंश धरले असते तर उंचीइतकीच जागा सोडावी लागली असती, आणि मुंबईच्या जमिनीच्या भावाला ते खचितच झेपले नसते. नियम तडजोडीचा खरा. परंतु समोरच्या दरिद्री भाडेकरूच्या वाट्याला येणारे आकाश त्याने प्रथमच मोजले.

तत्पूर्वी कायदा उजेडाचा विचार करीत नव्हता असे नाही. 1882 चा सुविधाधिकार अधिनियम 1891 साली मुंबई इलाख्यास लागू झाला. वीस वर्षे अखंड उपभोगलेला खिडकीतील उजेड शेजाऱ्यास अडवता येत नाही, हे तत्त्व त्याने मान्य केले. पण तो हक्क जुन्या घराचा, आणि त्यासाठी दिवाणी दाव्याची पायरी चढावयाची. नव्या वस्तीत कालच छप्पर चढवलेल्या गिरणी कामगाराला त्याचा काय उपयोग?

सुरतेला हा धडा आगीने दिला होता. 1837 च्या एप्रिलातील अग्निप्रलयात लाकडी सांगाड्याची, भिंतीस भिंत लागलेली नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. आश्चर्य हे, की जुन्या शेऱ्यांतील त्या अरुंद, खोल घराची आकृती काही मेली नाही. उधन्यातील ‘गाळा टाईप’ घरात ती पुन्हा अवतरली. पुढे मागे तोंड, दोन्ही बाजूंस सामाईक भिंती, मधल्या खोलीस दिवसाही दिवा. कोकणात, गोव्यात घराभोवती अंगण आणि परसू असते. शेजाऱ्याने माडी चढवली तर तो चर्चेचा विषय होतो, उजेडाचा नव्हे. गाळ्यात मात्र समोरच्याने दोन मजले वाढवले की आपल्या ओट्यावरचे ऊन जाते.

घराचा प्रकार हा म्हणूनच केवळ आवडीचा विषय नाही. गुजरातचे विकास नियम सुटे घर, जोडघर वा रांगेतील घर आणि फ्लॅटची इमारत ह्यांत भेद करतात. प्रत्येकास सोडावयाची मोकळी जागा निराळी, आणि उंचीची मर्यादा रस्त्याच्या रुंदीशी बांधलेली. (तिकडे ‘टेनामेंट’ म्हणजे आपली भाड्याची चाळ नव्हे, तर स्वतंत्र वा जोडीचे बैठे घर; शब्दाने पुष्कळांना फसवले आहे.) रो-हाउसच्या मंजूर आराखड्यातील तुकडा घेऊन त्यावर फ्लॅट उभारण्याचे स्वप्न पाहणारा, जे विकत घेतले नाही त्याचाच हिशेब करीत असतो.

आता रस्ता कोणता, हा प्रश्न. आज डोळ्यांना दिसतो तो, की नकाशावरचा? मुंबई इलाख्यात 1915 साली नगररचनेचा कायदा झाला, आणि मूळ तुकडे एकत्र करून, रस्ते आखून, मालकांना नव्या आकाराचे अंतिम भूखंड परत देण्याची पद्धत सुरू झाली. गुजरातच्या 1976 च्या कायद्याने ती पुढे चालवली; रस्त्यांसाठी साधारण 15 टक्के जमीन जाऊ शकते, शिवाय बागा आणि सार्वजनिक सोयी. म्हणून केवळ सातबाऱ्यावरील सर्व्हे नंबरावर विसंबून व्यवहार करणे धोक्याचे. अंतिम भूखंडाचा क्रमांक, एफ फॉर्म, झोनचा दाखला, आणि बांधलेले घर असेल तर ‘रजाचिठ्ठी’ व वापर परवाना, हे कागद दस्तावेजापूर्वी पाहावयाचे असतात. खानदेशी माणसाला सातबारा ओळखीचा वाटतो ह्यात नवल नाही. 1 मे 1960 पर्यंत दोन्ही प्रदेश एकाच राज्यात होते. 2011 साली गुजरातने जुन्या कायद्यांच्या नावांतील मुंबई काढून गुजरात घातले, कलमे बहुतांशी तीच राहिली. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी हा 1948 च्या कुळकायद्याचा दंडकही त्यांतलाच.

आणखी एक उंची आहे, ती आकाशातून खाली मोजली जाते. सुरतेचा विमानतळ मगदल्ला-डुमसच्या बाजूस आहे. विमानतळाच्या परिसरातील बांधकामांस 2015 चे केंद्रीय नियम लागतात, आणि त्यांतील उंची समुद्रसपाटीपासून धरतात. जमीन स्वतः दहा मीटर वर असेल, तर तेवढे मीटर आधीच खर्ची पडले. महापालिकेची परवानगी हाती असली तरी ही वजाबाकी चुकत नाही.

24 मे 2019 रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला संकुलास आग लागून 22 जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुतेक विद्यार्थी. शिकवणीचा वर्ग गच्चीवर चढवलेल्या बेकायदा बांधकामात भरत होता. 6 जुलै 2024 रोजी उधन्यापलीकडे सचिनजवळच्या पाली गावात एक बहुमजली इमारत कोसळली. सात जण गेले. 2022 साली गुजरातने शुल्क घेऊन अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा पुन्हा केला. लोक त्यास ‘इम्पॅक्ट फी’ म्हणतात. जुने घर घेणाऱ्याने वरचा मजला मूळ परवानगीचा आहे, की ह्या शुल्काच्या पावतीचा, हे विचारून घ्यावे, आणि पावती असेल तर ती कोणत्या मजल्याची आहे तेही वाचावे.